पान क्रमांक कळवावेत

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय जीवरामनाना, त्यांच्या शेजारी बसलेले आपल्या वाचनालयाचे उपाध्यक्ष रतिलालभाऊ, ज्यांच्यासाठी आपण सगळे एप्रिलच्या या उन्हात घरचा कूलर सोडून इथे आलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती पुष्पाबाई बैसाणे, कार्यकारी मंडळाचे सन्माननीय सदस्य, शिंदखेड्यातले आणि आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने आलेले वाचकहो, माता-भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'निवृत्त मुख्याध्यापक गिरधर निंबा पाटील' अशी करून दिली आणि माईक हातात देताना हळूच म्हणाले, "सर, दहा मिनिटं." मुख्याध्यापकाला दहा मिनिटं खाकरायलाच लागतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. मागे भरीत-पुरीचा वास सुटला आहे, तेही मला कळतं. तरी थोडं सोसा.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंचा वक्तशीरपणा सांगितला, कपाटांची शिस्त सांगितली, 'आधी हात दाखवा, मग पुस्तक मागा' हा त्यांचा दंडकही सांगितला. सगळं खरं आहे. या गावातल्या दोन पिढ्या निदान पुस्तकापुरते हात धुवायला शिकल्या त्या बाईंमुळे. पण मला आज बाईंचं आणि माझं भांडण सांगायचं आहे. निरोपाच्या दिवशी भांडण काढू नये म्हणतात. पण ज्या भांडणात आपण हरलो आणि हरल्याचा आनंद झाला, ते सांगायला दुसरा दिवस कुठून आणू?

गोष्ट नव्वद सालची. मी तेव्हा वाचनालयाचा कार्यवाह होतो. एका दुपारी रतिलालभाऊ कापडाचं दुकान मोठ्या मुलावर टाकून माझ्या घरी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. (रतिलालभाऊ, तुमची परवानगी कालच घेतली आहे, नाहीतर मी बोललो नसतो.) त्यांनी पुडकं माझ्यासमोर ठेवलं, पण उघडलं नाही.

"सर, हे धाकट्याच्या दप्तरात सापडलं."

मला वाटलं विडी-काडी असेल. उघडलं तर पुस्तक. नाव 'दुसरं बाक'. आपल्या वाचनालयाचा शिक्का, कुमार विभाग.

"मग? वाचतोय तर बरंच आहे की."

"सर, ह्यात पोरगा पोराच्या प्रेमात पडतो!"

हे वाक्य त्यांनी इतक्या हळू आवाजात म्हटलं, की ओट्यावर कापूस निवडत बसलेली आमची मंडळी काम थांबवून कान देऊ लागली.

मी पुस्तक वाचलं नाही. चाळलंसुद्धा नाही. मुख्याध्यापकाला न वाचता पेपर तपासायची थोडी सवय असते, ती कामी आली. लगेच कागद घेतला आणि ग्रंथपालांना पत्र लिहिलं, की सदरहू पुस्तक कुमारवयीन वाचकांच्या मनावर विपरीत परिणाम करणारे असल्याने तीन दिवसांत संग्रहातून काढून टाकावे व तसा अहवाल सादर करावा. सही, तारीख, जावक क्रमांक.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ. "आक्षेपार्ह मजकुराचे पान क्रमांक कळवावेत, ही विनंती. पु. बैसाणे."

आता आली का पंचाईत? पान क्रमांक कळवायचे तर पुस्तक वाचायला हवं. चडफडत मी तांबडी पेन्सिल टोक करून बसलो. रविवार होता, सकाळचे आठ वाजले होते.

ज्यांनी ते पुस्तक वाचलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्दांत सांगतो. धुळ्याच्या एका वसतिगृहात राहणारा, अकरावीत शिकणारा खेड्यातला मुलगा आहे. बाकावर शेजारी बसणारा मित्र त्याला आवडतो. मुलींवर कविता करणाऱ्या इतर मुलांना जशा त्या मुली आवडतात, तसा. आपल्यालाच असं का होतं, हे त्याला कळत नाही. कोणाला विचारावं, हेही कळत नाही. चिठ्ठी लिहितो, फाडतो. पुन्हा लिहितो. पुस्तकात याहून जास्त काही 'घडत' नाही. शेवटी तो धीर करून मित्राला सांगतो. मित्र म्हणतो, "माझ्या मनात तसं नाही रे. पण तू सांगितलंस, ते बरं केलंस. उद्या बाकावरची माझी जागा धरून ठेव, मला उशीर होणार आहे." पुढे मुलगा परीक्षा देतो, एकसष्ट टक्के मिळवतो. पुण्याला शिकायला जातो, तिथे त्याच्यासारखाच एक जण त्याला भेटतो आणि पुस्तक संपतं.

एकशे चाळीस पानं. मी तांबड्या पेन्सिलीने एकच खूण केली. पान सत्तेचाळीस, 'दीर्घ' हा शब्द ऱ्हस्व लिहिला होता.

हसा, हसा. मलाही तेव्हा थोडं हसू आलं होतं. पण त्या मित्राचं उत्तर जिथे आहे ते पान मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं आणि पुस्तक मिटून ओसरीवर जाऊन बसलो. मंडळीने विचारलं, "काय हो, चहा ठेवू का?" मला 'हो' म्हणवेना.

का, ते पुढे सांगतो. आधी सभेचं सांगू द्या, नाहीतर इतिवृत्त चुकेल.

पुढच्याच रविवारी सकाळी दहा वाजता कार्यकारी मंडळाची बैठक बसली. सात सदस्य. अध्यक्ष जीवरामनानाच होते. विषय एकच. बाईंना समोर खुर्ची दिली होती, पण त्या उभ्याच राहिल्या.

नानांनी मला विचारलं, "सर, तुम्ही वाचलं ना? सांगा, कुठे कुठे काय वाईट आहे?"

मी उठलो. "पान सत्तेचाळीसवर शुद्धलेखनाची एक चूक आहे," म्हणालो आणि बसलो.

रतिलालभाऊही तेव्हा मंडळावर होते, ते तडकले. त्यांचा राग खोटा नव्हता. बापाला लेकरासाठी भीती वाटते, तो राग तिथून येतो. ते म्हणाले, "चूक शब्दाची नाही, विषयाची आहे! बाई, मला एवढंच सांगा, हे पुस्तक तुम्ही मागवलंच का? आणि कोणाकोणाच्या नावावर गेलं ते देवघेवीचं रजिस्टर दाखवा. कोणाची पोरं वाचतात ते गावाला कळू द्या."

बाईंचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. 'शांतता राखा' ही पाटी त्यांनी भिंतीवर लावली ती लोकांसाठी, स्वतःसाठी त्यांना तिची कधी गरज पडली नाही. त्या म्हणाल्या, "रजिस्टर कुलपात आहे, भाऊ. किल्ली माझ्याजवळ आहे. पुस्तक काढायचं तर मंडळाचा ठराव करा, मला कामावरून काढायचं तर तोही करा. वाचणाऱ्यांची नावं मी देणार नाही."

"आणि मागवलं का?"

"दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. कोण, ते विचारू नका. पुस्तक बदलायला आला आणि सगळे जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, बाई, माझ्यासारखा मुलगा कोणत्या पुस्तकात आहे का? मी म्हटलं, तुझ्यासारखा म्हणजे कसा? त्यानं सांगितलं. माझ्याकडे नव्हतं तसं पुस्तक. मी त्याला म्हटलं, शोधते."

बाईंनी शोधलं कसं, हे मला नंतर कळलं. पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या प्रकाशकांना त्या पोस्टकार्डं लिहीत होत्या. दीड वर्ष. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं संस्कारकथांची यादी पाठवली. शेवटी एका छोट्या प्रकाशकाचं उत्तर आलं.

सभेत बाई पुढे जे बोलल्या ते मला तोंडपाठ आहे, कारण इतिवृत्त मीच लिहिलं. म्हणाल्या, "आपल्या कुमार विभागात प्रेमाची बरीच पुस्तकं आहेत. त्यात मुली विहिरीत उड्या घेतात, मुलं विष पितात. त्यावर मंडळाकडे आजवर एक तक्रार आली नाही. ह्या पुस्तकात कोणी मरत नाही, म्हणून मी ते निवडलं. त्या मुलाला मरणारं पुस्तक द्यायचं नव्हतं मला."

मग बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. चौसष्ट साली त्या इथे कामाला लागल्या, तेव्हा गावातली काही माणसं त्यांच्या हातातून पुस्तक घेत नसत. टेबलावर ठेवा म्हणत आणि मग उचलत. "माझ्या हाताला लागलेलं पुस्तक कोणाला चालत नव्हतं, ते दिवस मी पाहिले आहेत. एखाद्याला पुस्तकात जागा नाही म्हणजे काय, हे मला कोणी समजावून द्यायला नको."

आमच्यातल्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. त्यात एक मी. चौसष्ट साली टेबलावरून पुस्तक उचलणाऱ्यांत माझे वडीलही होते, आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो. बाई, ह्याबद्दल मी तुमच्याशी कधी बोललो नाही. आज बोलतो. चुकलं आमचं.

ती कोंडी फोडली आक्काबाईंनी. मंडळातल्या त्या एकट्या स्त्री सदस्य. वय सत्तरच्या पुढे, अक्षरओळख जेमतेम. नातवाकडून त्यांनी सबंध पुस्तक वाचून घेतलं होतं. आज आक्का आपल्यात नाहीत, पण त्यांचा आवाज ह्या भिंतींना पाठ आहे. त्या म्हणाल्या, "बठ्ठं ऐकं मी. त्यामा काय वाईट शे? पोऱ्या रडना, पोऱ्या हासना, पोऱ्या पास व्हयना. आखो काय पायजे तुमले?" इतिवृत्तात मी ते 'मुलगा रडला, हसला, पास झाला, आणखी काय हवे?' असं लिहिलं.

नानांनी मत घेतलं. पुस्तक काढावं म्हणणारे तीन हात. ठेवावं म्हणणारे चार. चौथा हात माझा होता. तीन दिवसांत पुस्तक काढा म्हणून पत्र लिहिणारा हाच हात!

रतिलालभाऊ सभा सोडून गेले. दोन महिने वाचनालयाची पायरी चढले नाहीत. मग एका दिवशी आले आणि पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवलं. ते दरम्यान कोणाकडून तरी मिळवून त्यांनी दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचलं होतं. पुस्तकाला दुकानातल्या कोऱ्या मांजरपाटाची पक्की बांधणी केलेली होती. बाईंनी विचारलं, "पटलं का, भाऊ?" तर म्हणाले, "पटलं नाही. पण शिवण उसवली होती, पानं गळाली असती." भाऊ, आजही तुम्हाला सगळं पटलेलं नाही, हे तुम्ही मला कालच बजावलंत, आणि ते मी इथे प्रामाणिकपणे सांगतो. पण धाकट्याला त्या दिवसानंतर तुम्ही दप्तर उघडून दाखवायला लावलं नाही, हेही सांगतो.

आता माझं.

अठ्ठावन्न साली मी धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात होतो. वय बावीस. खोलीत माझ्याबरोबर साक्रीकडचा एक जण होता, झिपरू आधार अहिरराव. गणितात माझ्यापेक्षा हुशार, गळा गोड. दोन वर्षं आम्ही एका ताटात जेवलो. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी पांझरेच्या पात्रात दगडांवर बसलो होतो. झिपरू म्हणाला, "गिरधर, तू जासी त माले करमाव नही." मी म्हटलं, "माले बी नही." तो म्हणाला, "तसं नही रे." आणि मग त्यानं सांगितलं. कसं, ते मी इथे सांगणार नाही, ते शब्द त्याचे आहेत. पण 'दुसरं बाक' लिहिणाऱ्याने ते कुठून ऐकले, असं मला वाचताना वाटलं.

मी काय केलं? हसलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. जेवणाच्या पंगतीत मी ते सगळ्यांना विनोद म्हणून सांगितलं. सगळे हसले. झिपरू ताटावरून उठला. सकाळी पाहिलं तर त्याची ट्रंक जागेवर नव्हती.

त्या पुस्तकातल्या सतरा वर्षांच्या पोराला जे सुचलं, ते मला बाविसाव्या वर्षी सुचलं नाही. म्हणून त्या रविवारी मला चहाला 'हो' म्हणवलं नाही.

सभेनंतरच्या आठवड्यात मी साक्रीची गाडी पकडली. शिक्षकांच्या ओळखीतून पत्ता लागला होता. साक्रीच्या पुढे डोंगराकडे एक खेडं, शाळेमागचं कौलारू घर. दार एका धिप्पाड माणसानं उघडलं, हाताला ऑइल इंजिनाचं काळं लागलेलं.

"कोण पायजे?"

"झिपरू गुरुजी शेतस का?"

आतून झिपरू आला. केस पांढरे, चष्मा जाड. माझ्याकडे बघत राहिला. मी तोंडपाठ केलेलं वाक्य विसरलो. तो म्हणाला, "बत्तीस वरीस लागनात रे तुले!"

मी म्हटलं, "झिपरू, माले माफ कर."

"आधी चहा पे. माफीनं मंग देखसूत."

त्या धिप्पाड माणसाचं नाव भटू. इंजिन-मिस्तरी. एकोणसत्तर साली शाळेशेजारच्या विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करायला आला, ते इंजिन लवकर दुरुस्त होईना, असं झिपरू सांगतो. "इंजिनले काय बी व्हयेल नव्हतं," असं भटू सांगतो, म्हणजे बिघाड मुळात नव्हताच. तेव्हापासून दोघे एका घरात आहेत. गावानं आधी कुजबूज केली, मग गावाची इंजिनं बंद पडली, मग गावानं कुजबूज सोडली. मी डोळ्यांत पाणी आणून माफी मागायला गेलो होतो, आणि दोघांच्या गप्पा ऐकून पोट धरून हसत होतो. इतकी वर्षं मी मनात एका दुःखी माणसाचं चित्र बाळगलं होतं. तो माणूस चुलीपुढे बसून भटूला रागावत होता, "साखर नको टाकू जास्त, डॉक्टरनी काय सांगेल शे?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं. बाईंनी ते माझ्या नावावर दिलं होतं, पंधरा दिवसांच्या मुदतीनं. झिपरूनं तिथेच मोठ्यानं वाचायला घेतलं, कारण भटूला वाचता येत नाही. दुपार झाली, ऊन कललं, माझी परतीची गाडी गेली. मित्राचं उत्तर असलेलं पान आलं तेव्हा झिपरू थांबला. चष्मा काढून पुसला. माझ्याकडे पाहिलं नाही. मग पुढे वाचू लागला.

संपल्यावर भटू म्हणाला, "आपला येळले असं पुस्तक ऱ्हातं त?"

झिपरू म्हणाला, "त तुना इंजिन दोन दिनमा दुरुस्त व्हयतं."

निघताना तो मला फाट्यापर्यंत पोचवायला आला. गाडी दिसल्यावर म्हणाला, "गिरधर, त्या दिनले माले राग नही उना. लाज वाटनी. राग वाटता त बरं व्हतं." राग आला असता तर बरं होतं, लाज वाटली, एवढं सांगून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. माफी म्हणतात ती एवढीच.

वाचकहो, झिपरू गुरुजी आणि भटू मिस्तरी आज इथे आले आहेत. तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली. नाव घेऊ का असं मी चार दिवसांपूर्वी विचारलं, तर झिपरू म्हणाला, साठी उलटली, आता कोणाला भ्यायचं? सभागृहात थोडी चुळबूळ झालेली मला इथून दिसते. होऊ द्या. तुमच्यासारखाच मीही सात वर्षांपूर्वी चुळबुळलो होतो, आणि मला काही झालं नाही.

बाई, तुम्हाला शाल दिली, श्रीफळ दिलं, मानपत्र दिलं. मानपत्रात मजकूर छान आहे, पण त्यात हे काही नाही. म्हणून मी बोललो. तुम्ही ज्या मुलासाठी पुस्तक शोधलं तो कोण, हे मी सात वर्षांत विचारलं नाही आणि विचारणार नाही. तो असेल तिथे पास झालेला असो.

आणि एक शेवटचं, बाईंची आणि संबंधितांची परवानगी घेऊन. गेल्या महिन्यात एक मुलगी बाईंकडे आली. 'दुसरं बाक' परत केलं आणि थोडी रागानंच म्हणाली, "बाई, हे पोरांचं झालं. पोरींचं कुठे आहे?" बाईंनी सगळी कपाटं आठवून पाहिली आणि खरं ते सांगितलं, "नाही, बेटा. अजून कोणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही." मुलगी गेली. परवा पुन्हा आली. दोनशे पानी वही आणली होती, त्यातली चाळीस पानं भरलेली. म्हणाली, पुढचं सुचतंय, पण आधी तुम्ही वाचा.

ती वही बाई आज घरी नेणार आहेत. उद्यापासून त्यांना कोणाला वेळेवर कुलूप उघडून द्यायचं नाही, कोणाचे हात तपासायचे नाहीत. निवृत्तीच्या पहिल्या दिवशी माणसानं काय करावं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, पहिलं प्रकरण वाचायला घ्यावं.

अध्यक्ष महाराजांनी दहाची पंचवीस मिनिटं होऊ दिली, त्यांचे आभार. रतिलालभाऊंनी आपली गोष्ट सांगू दिली, त्यांचे दुप्पट आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर ते मास्तराच्या जिभेवर ढकला आणि मोठ्या मनानं पोटात घाला. ज्यांची मनं मी पूर्वी दुखावली, त्यांच्यापुढे मात्र हात जोडून उभा आहे. बाई, सुखात राहा, आणि ती वही वाचून झाली की मला द्या.

नमस्कार.